आडनाव : वंश की आख्यान? ‘घोरपडे’ या नावाच्या प्रवासाचा विचार

१

कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर असे होते. काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले आणि पुढे धाकट्या बहिणीच्या नावावरून त्यांनी स्वतःसाठी ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले. नाशिककरांना हे सारे परिचित आहे. परंतु या तीन नावांतून एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दत्तविधानाने व्यक्तीचे स्वतःचे नाव बदलले, वडिलांचे नाव बदलले. बदलले नाही ते केवळ आडनाव. आणि हे न बदललेले आडनाव तरी कशाचे द्योतक आहे? निफाड तालुक्यातील शिरवाडे या गावाचे. म्हणजे ज्या घटकाला आपण नावातील सर्वांत स्थिर, सर्वांत ‘रक्ताचा’ घटक मानतो तो प्रत्यक्षात एका भूमीशी असलेल्या संबंधाची नोंद असतो. आणि असे आडनाव बहुधा ते गाव सोडल्यानंतरच लागते. शिरवाड्यात राहणाऱ्याला कोणी शिरवाडकर म्हणण्याचे कारण नसते.

आडनाव ही मराठीतील सर्वांत लहान कथनात्म संहिता आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. ‘कर’ या एका प्रत्ययात एक स्थलांतर सामावलेले असते. ‘फडणीस’, ‘पोतनीस’, ‘चिटणीस’ या नावांत एक दरबार आणि त्यातील एक बैठक असते. मात्र इतर संहितांच्या बाबतीत आपण जी वाचनशिस्त पाळतो ती या संहितेच्या बाबतीत पाळत नाही. येथे आपण थेट निष्कर्षावर येतो. आडनाव ऐकताच जात ठरते, जातीवरून मूळ ठरते आणि मुळावरून माणसाविषयीचा अंदाज ठरतो. प्रस्तुत लेखात या सवयीची तपासणी एका आडनावाच्या आधारे करावयाची आहे. ‘घोरपडे’ या आडनावाची निवड करण्याचे कारण असे, की त्याच्यामागे एक लोकप्रिय उत्पत्तिकथा आहे, मराठी-कन्नड सीमेवरचा दोन-अडीचशे वर्षांचा प्रवास आहे, आणि वंशाचा कोणताही संबंध नसताना हे नाव धारण करून नावारूपाला आलेले एक मोठे घराणेही आहे. या तिन्ही गोष्टी एकाच नावात क्वचितच एकत्र येतात.

२

प्रथम उत्पत्तिकथेचा विचार करू. ‘घोरपडे’ हे नाव कसे पडले, असे विचारले असता सामान्य मराठी माणूस बहुधा सिंहगडाची गोष्ट सांगतो. तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाची घोरपड कड्यावर सोडली, तिच्या कमरेला दोर बांधलेला होता, त्या दोरावरून मावळे वर गेले. आणि घोरपडीचा उपयोग करणारे म्हणून ते घोरपडे. ही कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे सर्वतोमुखी झाली. अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे ती छापील वाङ्मयात आली आणि पुढे कादंबरी, नाटक, शालेय पाठ्यपुस्तके यांनी ती दृढ केली.

सिंहगडाचा प्रसंग १६७० मधील आहे. त्याआधी बावीस वर्षे, १६४८ मध्ये, जिंजीच्या परिसरात आदिलशाही सेनापती मुस्तफाखान याने शहाजीराजांना कैद करविले, त्या कारवाईत पुढाकार घेणारा सरदार मुधोळचा बाजी घोरपडे होता. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर स्वारी केली आणि तीत बाजी घोरपडे मारला गेला. तेव्हा नाव आधीचे आहे आणि ज्या प्रसंगातून ते निघाले असे सांगितले जाते तो प्रसंग नंतरचा आहे. शिवाय तानाजींच्या मोहिमेचे वर्णन करणाऱ्या सभासद बखरीत घोरपडीचा उल्लेखच नाही. ही बखर १६९७ मध्ये, राजाराम महाराजांच्या जिंजीतील वास्तव्यात, त्या काळाच्या आठवणी ताज्या असताना लिहिली गेली. घोरपड कड्यावर चढते ती शाहिराच्या वाणीतून.

मुधोळ घराण्याची स्वतःची कथा याहून जुनी आहे. बहमनी वजीर महमूद गावान याने कोकणपट्टीवर मोहीम काढली. या मोहिमेत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेण्यात आला. त्या वेळी कर्णसिंह आणि त्याचा पुत्र भीमसिंह यांनी घोरपडीच्या साहाय्याने किल्ल्यावर चढाई केली. कर्णसिंह कामी आला. आणि १४७१ मध्ये सुलतानाने भीमसिंहाला ‘राजा घोरपडे बहाद्दर’ हा किताब व जहागीर दिली, अशी ती कथा आहे. दत्तात्रय विष्णु आपटे यांनी संस्थानच्या दप्तरातील फारसी फर्मानांच्या आधारे लिहिलेला मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रात या फर्मानांचा आधार घेतला; उलट अन्य अभ्यासकांनी त्यांच्या अस्सलपणाविषयी शंका उपस्थित केल्या. या वादाचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एकच घोरपड दोन किल्ल्यांवर, दोनशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वीरांसाठी चढते. एखादा कथाघटक जेव्हा अशा प्रकारे स्थळकाळ ओलांडतो तेव्हा तो घटनेचा अवशेष नसून कथनपरंपरेचा ऐवज असतो.

मग नावाचे मूळ काय? मराठ्यांच्या कुळांत देवक मानण्याची चाल आहे. एखादे झाड, पीस, शस्त्र वा प्राणी हे त्या कुळाचे पूज्य चिन्ह असते. मोरे, वाघ, लांडगे, कोल्हे अशी प्राणिवाचक आडनावे मराठीत विपुल आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकामागे कोणा राजाने दिलेला किताब असण्याचे कारण नाही. काही देवकाशी संबद्ध असतील, काही चिकाटी, हिंस्रपणा, चपळाई अशा गुणांवरून पडलेली टोपणनावे असतील. चिकाटीसाठी घोरपडीची उपमा मराठी बोलीत आजही रूढ आहे. रूपाच्या दृष्टीने पाहता शेवटचा एकार हा आदरार्थी बहुवचनाचा आहे. म्हणजे हे नाव मुळात एकवचनी, घरगुती, कदाचित थट्टेचेही असू शकेल. आदर त्याला व्याकरणाने मिळाला. उत्पत्तिकथेचे कार्य नेमके येथे सुरू होते. साध्या प्राणिवाचक नावाला ती एक किल्ला देते, एक हुतात्मा पिता देते आणि एक सुलतान देते. लोकव्युत्पत्ती शब्दाचा अर्थ सांगते असे आपण समजतो. वस्तुतः ती त्या शब्दाचा दर्जा ठरवीत असते.

३

हा प्रकार आपल्यापुरता मर्यादित नाही, हे दाखविण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ पट्ट्यात तेराव्या ते सोळाव्या शतकांत दोन्ही राज्यांची सत्ता कधीच पुरती रुजली नाही. तेथे आर्मस्ट्राँग, इलियट, टर्नबुल अशी घराणी घोड्यावरून लुटालूट करीत आणि प्रसंगी दोहोंपैकी कोणत्याही राजाची चाकरी करीत. त्या प्रदेशात ‘सरनेम’ हा शब्दच एका आडनावाखाली एकत्र येणाऱ्या सशस्त्र जमावासाठी वापरला जाई. या नावांनाही उत्पत्तिकथा आहेत. चौदाव्या शतकातील राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावर चालून आलेल्या रानबैलाचे शिंग धरून एका शिपायाने त्याला वळविले म्हणून तो ‘टर्नबुल’ झाला, असे सांगतात. ही हकीकत इतिहासकार हेक्टर बोइस याने लिहून ठेवली ती सोळाव्या शतकात. आर्मस्ट्राँगांच्या पूर्वजाने रणांगणात पडलेल्या राजाला एका हाताने घोड्यावर उचलून घेतले होते म्हणे. दोन्ही ठिकाणी बलदर्शक टोपणनावाचे रूपांतर राजाला वाचविणाऱ्या वीराच्या कथेत झाले आहे.

सीमेवरच्या घराण्यांना राजाची गोष्ट का लागते, हा येथील खरा प्रश्न आहे. ज्यांची निष्ठा सतत संशयास्पद असते त्यांनाच निष्ठेचा आद्य प्रसंग नावातच कोरून ठेवण्याची निकड भासते. मुधोळच्या कथेकडे या दृष्टीने पाहता येईल. कृष्णा आणि घटप्रभा यांच्या दुआबातील हा प्रदेश बहमनी, विजयनगर, आदिलशाही, मराठे, निजाम आणि म्हैसूर अशा सत्तांच्या ओढाताणीत राहिला. मुधोळ हे दहाव्या शतकातील कन्नड महाकवी रन्न याचे जन्मग्राम. त्याच गावी पुढे मराठी आडनावाच्या आणि फारसी किताबाच्या घराण्याची गादी होती. अशा ठिकाणी ‘आम्ही कोणाचे?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. बाजी घोरपडे याने तो आदिलशाहीच्या बाजूने सोडविला आणि मराठी इतिहासलेखनाने त्याला त्याबद्दल क्षमा केली नाही. मात्र स्वतः शिवाजी महाराजांची दृष्टी याहून व्यापक होती. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, त्यांनी बाजीचा पुत्र मालोजी घोरपडे याला पत्र लिहिले आणि जुने घरोघरचे वैर सोडून देऊन मराठ्यांच्या एकत्र हिताकडे पाहण्याचे आवाहन केले. ज्या आडनावाशी पित्याच्या कैदेची आठवण जोडलेली होती त्याच आडनावाला हे पत्र उद्देशून आहे. त्या पत्रात आडनाव हा अंतिम निवाडा ठरत नाही.

४

याच नावाची दुसरी शाखा कापशीची. सातव्या-आठव्या इयत्तेतील मुलांनाही संताजी घोरपडे यांचे नाव ठाऊक असते. त्यांचे वडील म्हाळोजी घोरपडे हे १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे संभाजी महाराजांच्या बचावात लढताना पडले. त्यानंतर काही महिन्यांतच संताजी आणि त्यांचे बंधू यांनी औरंगजेबाच्या छावणीवर धाडसी छापा घातला. राजाराम महाराजांनी या तिघा भावांना किताब दिले : संताजींना ‘ममलकतमदार’, बहिर्जींना ‘हिंदूराव’ आणि मालोजींना ‘अमीर-उल-उमराव’. १६९१ मध्ये संताजी सेनापती झाले. १६९७ मध्ये शंभुमहादेवाच्या डोंगराळ भागात, राजारामांशी बिघडलेल्या संबंधांच्या छायेत, त्यांची हत्या झाली. मुधोळच्या बाजीचे आणि संगमेश्वरच्या म्हाळोजींचे आडनाव एकच. एकाने भोसल्यांना धरून दिले, दुसऱ्याने भोसल्यांसाठी प्राण दिले. आडनावावरून निष्ठेचे अनुमान करणाऱ्याला हे एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

संताजींच्या मृत्यूनंतर घोरपड्यांचा ओघ दक्षिणेकडे वळला. याचे कारण घराण्याच्या साहसी वृत्तीत शोधण्याची पद्धत आहे. ते राज्यव्यवस्थेत शोधणे अधिक युक्त होय. राजारामांचा दरबार १६८९ पासून १६९८ पर्यंत जिंजीस होता. खजिना रिकामा होता. सरदारांना रोख वेतन देणे शक्य नसल्याने, अद्याप जिंकावयाच्या किंवा पुरता ताबा नसलेल्या मुलखातील सरंजाम त्यांना लिहून देण्यात येत. सरंजाम कागदावर मिळे. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी त्या मुलखात जाऊन राहावे लागे. कृष्णा, तुंगभद्रा आणि पेन्नार या नद्यांच्या काठाने घोरपडे पसरले ते या गरजेतून. बहिर्जी हिंदूरावांच्या वंशजांनी गजेंद्रगड, गुत्ती आणि सोंडूर येथे ठाणी केली. नावाबरोबर किताबही प्रवासाला निघाले आणि कालांतराने ‘हिंदूराव’ हे दुसऱ्या आडनावासारखेच वापरले जाऊ लागले.

या शाखेतील सर्वांत ख्यातनाम पुरुष मुरारराव घोरपडे. रघुजी भोसल्यांनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली तेव्हा तिचा कारभार मुराररावांकडे आला आणि १७४३ मध्ये निजामाने ती परत घेईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. १७५१ मध्ये क्लाइव्ह अर्काटच्या किल्ल्यात वेढला गेला असता मुराररावांची फौज मदतीस येत असल्याची वार्ता त्या लढाईत निर्णायक ठरली. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती जिंकली आणि मुराररावांचा शेवट कबालदुर्गच्या कैदेत झाला. कंपनी सरकारचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथात ते ‘मोरारी राव’ म्हणून येतात. तेथे ‘राव’ हाच जणू आडनाव झाला आहे. घोरपड, खेळणा, कापशी सारे गळून पडले आहे. परक्या भाषेच्या लेखणीतून जाताना नावाचा कोणता भाग टिकतो आणि कोणता गळतो, हा स्थलांतराच्या इतिहासाचाच एक भाग मानला पाहिजे. कर्नाटक व तमिळ प्रदेशांतील अनेक मराठी कुटुंबे आज केवळ ‘राव’ म्हणून ओळखली जातात, त्यामागे ही प्रक्रिया आहे.

सोंडूरचे संस्थान मात्र टिकले. मद्रास इलाख्याच्या पोटात असलेले, लोह आणि मँगनीजच्या डोंगरांनी वेढलेले हे चिमुकले मराठी संस्थान १९४९ मध्ये मद्रास प्रांतात विलीन झाले आणि बळ्ळारी जिल्ह्याबरोबर पुढे कर्नाटकात आले. या घराण्यातील एम. वाय. घोरपडे हे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांनी मोठे नाव मिळविले. प्राण्याचे नाव धारण करणाऱ्या घराण्यातील पुरुष प्राण्यांकडे कॅमेऱ्यातून पाहतो, यात योगायोगापलीकडे काही शोधू नये. महत्त्वाचे आहे ते एवढेच, की कन्नड मतदारांनी निवडून दिलेल्या या नेत्याचे ‘घोरपडे’ हे नाव तेथे कोणत्याही भाषावादाचे चिन्ह राहिले नव्हते. ते त्या भूमीचेच झाले होते.

५

तिसरी शाखा इचलकरंजीची. आणि शाखा हा शब्द येथे अडखळतो. वेंगुर्ले परिसरातील म्हापण गावचे नारो महादेव जोशी हे चित्पावन ब्राह्मण कुटुंबातले. लहान वयात पितृछत्र हरपल्यावर ते घाटावर कापशीकर घोरपड्यांच्या आश्रयाला आले, संताजींच्या पदरी वाढले, आणि लेखणी व तलवार दोन्ही शिकले. संताजींच्या पश्चात त्या घराण्याचा सांभाळ त्यांनी इमानाने केला. धन्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ‘जोशी’ हे आपले आडनाव टाकून ‘घोरपडे’ हे आडनाव घेतले. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण, अनुबाई यांच्याशी झाला आणि इचलकरंजीच्या जहागिरीचा पाया बळकट झाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इचलकरंजी संस्थानाच्या इतिहासात हा वृत्तान्त विस्ताराने आला आहे.

या घटनेचा अर्थ कसा लावावा? ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ ही आपल्या सरंजामी नीतीची कसोटी होती, आणि नारो महादेवांनी ती नावानिशी उत्तीर्ण केली, असे सरळ वाचन करता येते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. धन्याचे नाव चाकराने घेणे ही कृतज्ञता असते, तशीच ती एक सत्तासंबंधाची कबुलीही असते. स्कॉटलंडच्या सीमेवरही आश्रित कुळे आपल्या रक्षणकर्त्या घराण्याचे आडनाव लावीत. या कबुलीतून आश्रिताला संरक्षण मिळे आणि धन्याला संख्याबळ. मात्र इचलकरंजीच्या बाबतीत पुढे पारडे फिरले. पेशव्यांच्या सोयरिकीने आश्रिताचे घराणे वर चढले आणि खुद्द सेनापतींच्या कापशीचे वैभव ओसरले. आज ‘घोरपडे सरकार’ असे म्हटल्यावर कोल्हापूर भागातील अनेकांच्या डोळ्यांसमोर इचलकरंजी येते. ज्याने नाव दिले त्याच्यापेक्षा ज्याने घेतले त्याने ते अधिक मोठे केले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अनुबाईंचे माहेर श्रीवर्धनचे भट. पद मिळताच ते पेशवे झाले आणि पदनामाने त्यांचे मूळ आडनाव झाकून टाकले. त्यांचे सासर जोशी. ते इमानाने घोरपडे झाले. म्हणजे या विवाहात दोन्ही बाजूंची मूळ आडनावे मागे पडलेली होती. एकाचे नाव पदाने दिले, दुसऱ्याचे ऋणाने. अठराव्या शतकातील मराठी समाज आडनावाला किती लवचिक मानत होता याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. गोत्र, प्रवर, सोयरिकीचे नियम यांत तो समाज तसूभर हलत नव्हता. म्हणूनच आडनाव बदलण्याची मुभा त्याला परवडत होती. वंशाची नोंद ठेवण्याचे काम आडनावाकडे नव्हतेच. ते काम इतर व्यवस्था करीत होत्या.

आडनाव कायम झाले ते एकोणिसाव्या शतकात, शाळेचे दाखले, जमिनीची दप्तरे आणि न्यायालयीन कागद यांच्या सक्तीने. तोवर प्रवाही असलेला एक वर्णनपर शब्द कायदेशीर ओळख बनला. आणि तो गोठल्यानंतरच घराण्यांना आपल्या आडनावाचा ‘प्राचीन’ इतिहास लिहवून घेण्याची निकड भासू लागली. खऱ्यांचा ग्रंथ १९१३ चा आणि आपट्यांचा १९३४ चा, हा कालक्रम या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. संस्थाने ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली नामधारी होत असताना त्यांचे इतिहास मात्र दीर्घ आणि भरदार होत गेले.

६

उगमाच्या शोधाला आणखी एक दिशा असते आणि ती बहुधा उत्तरेकडे वळते. मुधोळ घराण्याची वंशावळ चितोडच्या सिसोदियांपर्यंत पोहोचते; भोसल्यांच्या सिसोदिया उत्पत्तीला १६७४ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने अधिमान्यता मिळाली, हे सर्वश्रुत आहे. उलट रा. चिं. ढेरे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील ग्रंथात भोसले घराण्याचे मूळ दक्षिणेत, होयसळांच्या परंपरेत, शोधले. या प्रतिपादनाचा स्वीकार करावा की नाही हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील दिशाबदल लक्षणीय वाटतो. आपण उत्तरेकडून खाली आलो, असे म्हणण्यात क्षत्रियत्वाचा दाखला असतो. आपण दक्षिणेकडून वर आलो, असे म्हणण्यात तो नसतो. म्हणून मराठी घराण्यांच्या कथेत राजपुताना वारंवार येतो आणि कर्नाटक क्वचित येते, जरी दैवते, भाषा आणि सोयरिकी यांचा पुरावा कर्नाटकाच्या सान्निध्याकडे बोट दाखवीत असला तरी. वंशावळ ही भूतकाळाकडे तोंड करून उभी असल्यासारखी दिसते. तिचे लक्ष मात्र वर्तमानातील प्रतिष्ठेकडे असते.

या टप्प्यावर नाशिककडे परत येणे आवश्यक आहे. येथे गंगेवर, रामकुंडाच्या परिसरात आणि त्र्यंबकेश्वरी, तीर्थोपाध्यांच्या घरी नामावळींच्या वह्या पिढ्यान्पिढ्या जतन केलेल्या आहेत. यजमान आला की उपाध्ये त्याला आडनाव विचारतात; पण तेवढ्यावर थांबत नाहीत. मूळ गाव कोणते, जात कोणती, आजोबांचे नाव काय, असे विचारतात. या वह्यांची रचना करणाऱ्यांना अनुभवाने हे कळलेले होते, की एकट्या आडनावावरून माणूस सापडत नाही. म्हापणचे जोशी आणि इचलकरंजीचे घोरपडे यांची सांगड ‘घोरपडे’ या एका शब्दावरून कधीही लागली नसती. नामावळीत यजमान स्वतः पुढची नावे भरतो. दत्तक, स्थलांतर, मृत्यू यांची भर पडत जाते. ही बंद संहिता नव्हे. आजची आपली वाचनपद्धती या जुन्या वहीपेक्षाही आडमुठी आहे. वहीला चार प्रश्नांची गरज होती; आपले एका आडनावावर भागते.

आणि या आडमुठेपणाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. घोरपडे या नावाचा वीरकथेने गौरव झाला. इचलकरंजीकरांना त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. पण ज्यांना आडनावापायी पाणवठ्यावरून परत पाठविले गेले त्यांच्या दृष्टीने हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे कुळनाव सकपाळ. शाळेच्या दप्तरात मंडणगड तालुक्यातील आंबडवे या मूळ गावावरून ‘आंबडवेकर’ असे नाव लागले आणि पुढे त्याचे ‘आंबेडकर’ झाले. हा शेवटचा बदल कसा झाला याविषयी भिन्न मते मांडली जातात. निर्विवाद आहे ते एवढे, की ‘सकपाळ’ या नावाऐवजी गावाचे नाव पुढे आले. शिरवाड्याचे शिरवाडकर आणि आंबडव्याचे आंबडवेकर ही दोन्ही नावे मराठीच्या एकाच प्रत्ययाने, एकाच व्याकरणाने घडलेली आहेत. व्याकरणाने त्यांच्यात भेद केला नाही. भेद करणारे वाचक होते. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी जो सत्याग्रह सुरू झाला तो, अन्य अनेक गोष्टींबरोबरच, नावावरून माणूस वाचण्याच्या या रीतीविरुद्धही होता, असे म्हणता येईल.

७

निष्कर्षाकडे येताना तीन ‘घोरपडे’ पुन्हा समोर ठेवू. मुधोळचे नाव कथेने प्रमाणित केले. कापशी-गुत्ती-सोंडूरचे सरंजामाने पसरविले. इचलकरंजीचे ऋणाने स्वीकारले. या तिघांना एकत्र बांधणारे रक्त नाही, एक भाषा नाही, एक निष्ठाही नाही. आहे तो केवळ एक शब्द. तरीही तो शब्द रिकामा नाही. त्यात एका सीमाप्रदेशाचे राजकारण आहे, रिकाम्या खजिन्याची विवंचना आहे, एका पोरक्या मुलाला मिळालेले छत्र आहे.

१९७२ मध्ये, चंद्रावर पाऊल ठेवून आल्यावर तीन वर्षांनी, नील आर्मस्ट्राँग स्कॉटलंडच्या सीमेवरील लँगहोम या लहानशा गावी गेले आणि तेथील नागरिकांनी त्यांना आपल्या गावाचे मानद नागरिकत्व दिले. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांचा मुकुट एक झाल्यावर ज्या आडनावाच्या लोकांना राजाने फासावर चढविले आणि देशोधडीला लावले, तेच आडनाव त्या गावाने मानाने परत घेतले. कोणत्या आर्मस्ट्राँगचे रक्त कोणात आले हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नसावा, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. गाव आपल्या नावाची पुढची ओळ लिहून घेत होते.

आपल्या आडनावांचा अभ्यास व्हावा तो याच दृष्टीने. ‘आपण मूळचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आडनावात नसते. ‘आपण कोणाकोणाच्या संबंधात येत गेलो?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात असते, आणि ते मिळवण्यासाठी आडनाव शेवटपर्यंत वाचावे लागते. नारो महादेवांनी आपल्या नावापुढे ‘घोरपडे’ लिहिले तेव्हा त्यांनी आपला जन्म नाकारला नाही. आपल्या जन्मात ज्याचा वाटा नव्हता अशा एका घराचे ऋण मान्य केले. आडनाव विचारून माणसाची जागा ठरविणाऱ्या समाजाने या एका सहीकडे पुन्हा पाहावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.